इंजिनातून धडाम आवाज आला, खाली ओझरची धावपट्टी दिसत होती, मग पस्तीस मिनिटं घिरट्या कशाला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, भलत्याच प्रश्नाला उत्तर द्यायला नको. तुम्ही आईंना घेऊन नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून दिल्लीला निघाला होतात. चाकं उचलल्यावर मिनिटाभरात उजवीकडून सुतळी बॉम्ब फुटावेत तसे तीन-चार आवाज झाले, इंजिनाच्या मागे ज्वाळा दिसल्या, विमान थरथरलं आणि एका बाजूला ओढल्यासारखं झालं. मग सगळं शांत. दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. नंतर कॅप्टन म्हणाले, 'तांत्रिक अडचणीमुळे आपण नाशिकला परत उतरत आहोत', आणि द्राक्षबागांवरून पस्तीस मिनिटं फेऱ्या मारून विमान उतरलं. तुम्ही विचारता, धावपट्टी दिसत असताना लगेच का उतरवलं नाही? इतका वेळ गप्प का होते? ज्वाळा दिसल्याचं मी कुणाला सांगायला हवं होतं का? आणि आई आता विमानाचं नाव काढू देत नाही, तिला काय सांगू?

प्रश्न चार आहेत, पण मला त्यांच्या तळाशी एकच दिसतो. इंजिन बिघडतं हे तुम्हाला मान्य आहे. तुमची शंका कॉकपिटमधल्या दोन माणसांवर आहे. आग डोळ्यांना दिसत असताना ही माणसं इतकी संथ कशी? त्यांना सुचत नव्हतं का?

मी एकतीस वर्षं प्रवासी विमानं उडवली, त्यातली शेवटची अठरा कॅप्टन म्हणून. नऊ वर्षं सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये, शिकवलंही. पासष्टी गाठली तशी नियमाप्रमाणे खुर्ची सोडली आणि आता गंगापूर रोडला असतो. लहानपण मात्र ओझर मिगच्या टाऊनशिपमध्ये गेलं, वडील एचएएल या विमानं बांधणाऱ्या सरकारी कंपनीत फिटर होते. तुमचं विमान जिथून उडालं त्याच धावपट्टीवरून मिग-२१ ही लढाऊ विमानं सुटताना बघत मोठा झालो. मी पायलट झालो तेव्हा वडील म्हणाले होते, ''मिगवाल्याकडे एक इंजिन आणि एक उडणारी खुर्ची. तुझ्याकडे इंजिनं दोन, खुर्च्या दीड-दोनशे, पण उडणारी एकही नाही. तेव्हा जरा सांभाळून.'' उडणारी खुर्ची म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी. माझं सगळं प्रशिक्षण या बोलण्यात बसतं.

तुमच्या विमानाचा तपास अहवाल माझ्यासमोर नाही, त्यामुळे त्या वैमानिकांचा निवाडा मी करणार नाही. तुम्ही केलेल्या वर्णनावरून माझा अंदाज काय, आणि त्यांच्या जागी मी काय केलं असतं, तेवढं सांगतो. विमानाची जात तुम्ही लिहिलेली नाही. मी एअरबसचं दोन इंजिनांचं ए-३२० धरून बोलतो, माझं बहुतेक आयुष्य त्यातच गेलं.

आधी तो आवाज. जेट इंजिन हवा ओढतं, दाबतं, त्यात इंधन जाळतं आणि मागे फेकतं. दाबण्याचं काम पात्यांच्या रांगा करतात. एक रांग हवा दाबून पुढच्या रांगेकडे देते, ती आणखी दाबते. म्हणजे इंजिनाच्या पोटात दाब जास्त आणि तोंडाशी कमी. ती हवा उलटी उसळायला टपलेलीच असते, पाती तिला रेटून धरतात. एखादं पातं पक्षी लागून वाकलं, आतली एखादी झडप अडकली, की ही पकड सुटते आणि कोंडलेली हवा तोंडाकडून बाहेर उसळते. तोच धडाम. क्षणात पात्यांना पुन्हा पकड मिळते, पुन्हा सुटते, म्हणून आवाज एक न होता तीन-चार होतात. हवेचा प्रवाह तुटला तरी इंधन येतच असतं, मग ते इंजिनाच्या मागे बाहेर जळतं. ज्यांच्या घरी पंपाचा स्टोव्ह होता त्यांना हे वेगळं सांगायला नको. बर्नर नीट तापायच्या आत पंप मारला की भडका उडायचा, पण स्टोव्ह काही पेटायचा नाही. आम्ही याला सर्ज किंवा कॉम्प्रेसर स्टॉल म्हणतो. बघायला भयंकर, पण पुष्कळदा त्या इंजिनाचा जोर कमी केला की थांबतो. तुमचे आवाज थांबले ते आपोआप नव्हे. कुणीतरी त्या बाजूच्या इंजिनाच्या जोराचा लिव्हर मागे घेतला होता, असं मी समजतो.

पक्षी होता का? असू शकेल. घारी आणि बगळे आपल्याकडे बारमाही, आणि हिवाळ्यात तर निफाडकडे नांदूरमध्यमेश्वरला पाहुण्या पक्ष्यांची जत्राच असते. पण उगाच पक्ष्याच्या माथी मारत नाही.

इथे एक गोष्ट बहुतेक प्रवाशांना माहीत नसते. इंजिनाच्या मागच्या नळकांड्यातून ज्वाळा बाहेर येणं वेगळं, आणि इंजिनाच्या बाहेरच्या आवरणाखाली आग लागणं वेगळं. आगीची घंटा वाजवणारे सेन्सर आवरणाखाली असतात, तिथली उष्णता वाढली तरच घंटा वाजते. मागून निघणाऱ्या भडक्याचा त्यांना पत्ताही लागत नाही. म्हणजे खिडकीत बसलेल्या तुम्हाला आग दिसत होती आणि कॉकपिटमध्ये आगीचा एकही लाल दिवा लागलेला नव्हता, असं अगदी शक्य आहे. दोघंही खरं बोलत असता. आमच्या खुर्चीतून मान कितीही वळवली तरी इंजिनं दिसत नाहीत. आम्हाला दिसतात ते आकडे: फिरण्याचा वेग, वायूचं तापमान, इंधनाचा प्रवाह, तेलाचा दाब, थरथर.

विमान एका बाजूला ओढलं गेलं त्याचं कारण सोपं आहे. बैलजोडीतला एक बैल मटकन बसला की गाडी त्याच्याच बाजूला वळते. इंजिनं पंखांवर दोन बाजूंना असतात, एकाचा जोर गेला की नाक तिकडे फिरतं. वैमानिकाचं पहिलं काम हातांचं नसून पायाचं असतं. विरुद्ध बाजूचं रडर, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचं पेडल, दाबून नाक सरळ करायचं. तुमची ती तिरकी ओढ दोन-तीन सेकंदांत संपली असेल, तर पाय वेळेवर दाबला गेला होता.

आता पहिलं मिनिट. उड्डाणाच्या वेळी एक वेग असतो, त्याला वी-वन म्हणतात. तो ओलांडण्याआधी काही बिघडलं तर थांबायचं, ओलांडल्यावर बिघडलं तर जायचं. का? कारण त्यानंतर उरलेल्या धावपट्टीत थांबणं होणार नाही, आणि उरलेल्या एका इंजिनावर उडणं मात्र होईल, अशी हिशेबाने बांधणी केलेली असते. हे नशिबावर सोडलेलं नाही. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाने एक इंजिन गेल्यावर, चाकं आत घेतल्यानंतरच्या टप्प्यात, शंभर मीटर पुढे जाताना किमान २.४ मीटर चढलंच पाहिजे, नाहीतर त्या वजनाने उड्डाणाला परवानगीच नाही. ओझर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो, हवा विरळ होते, इंजिनांचा जोर घटतो. अशा दिवशी गणित जुळत नसेल तर माल किंवा प्रवासी कमी करतात. काउंटरवर ज्याचं सामान मागे राहतं तो चिडतो, पण त्याचं सामान ज्या कारणाने राहिलं ते हेच २.४ टक्के. शिवाय उत्तरेला चांदवडची रांग, धोडप, सप्तशृंग. एक इंजिन गेलं तर नाक कुठे वळवायचं, किती उंचीपर्यंत सरळ जायचं, याची वाट प्रत्येक धावपट्टीसाठी आधीच आखलेली असते आणि उड्डाणापूर्वी दोघं वैमानिक ती एकमेकांना मोठ्याने सांगतात. तुम्ही सीटबेल्ट शोधत असता तेव्हा पुढे हेच चाललेलं असतं.

ए-३२० वर जमिनीपासून चारशे फूट होईपर्यंत आम्ही बिघाडाला हात लावत नाही. घंटा वाजली तर ती गप्प करायची, चाकं आत घ्यायची, नाक सरळ ठेवायचं, वेग सांभाळायचा. बस. नवख्याला हे फार कठीण जातं. समोर लाल दिवा पेटलाय आणि शिक्षक सांगतोय, त्याच्याकडे बघू नको.

त्यानंतर एकजण फक्त विमान उडवतो, दुसरा पडद्यावर उमटलेली यादी वाचून एकेक काम करतो. जोर कमी करण्याचा लिव्हर, इंजिन बंद करण्याचा स्विच, आगीचं बटण, यातल्या कशालाही हात घालण्यापूर्वी हात तिथे नेऊन थांबायचं. दुसऱ्याने बघायचं, बरोबर इंजिनाचाच आहे ना, आणि तोंडाने होकार द्यायचा. मगच हलवायचं. खरी आग असेल तर इंजिन बंद करून, बटण दाबून, दहा सेकंद थांबून विझवणाऱ्या वायूची पहिली बाटली फोडतात. त्या दहा सेकंदांत इंजिनाचा वेग उतरतो, वारा कमी होतो आणि आग विझवणारा वायू आत टिकून राहतो. तीस सेकंदांनीही दिवा विझला नाही तर दुसरी बाटली. आग लागलेली असताना दहा सेकंद मोजत बसायचं! घाई केली तर बाटली वाया जाते.

इतका जाच कशासाठी, त्याची एक गोष्ट सांगतो. सहवैमानिक म्हणून माझं दुसरं वर्ष. सिम्युलेटरमध्ये रात्रीचं उड्डाण, चढत असताना उजव्या इंजिनाची घंटा. मी सफाईने, झटक्यात, कुणाच्या होकाराची वाट न बघता इंजिन बंद केलं. डावं. शिक्षक हवाई दलातून आलेले होते, त्यांनी खेळ थांबवला नाही, खाली आपटेपर्यंत जाऊ दिला. मग म्हणाले, ''चल, चहा घेऊ.'' चहा अर्धा झाल्यावर विचारलं, ''तुला किती सेकंद लागले?'' मी म्हटलं, ''चार असतील.'' ''तुझ्याकडे किती होते?'' मला उत्तर येईना. ते म्हणाले, ''विमान चढत होतं. नाक सरळ होतं. तुझ्याकडे दहा मिनिटं होती रे.'' पुढे मी शिकवायला लागलो तेव्हा पोरांना सांगायचो, घंटा वाजली की पहिल्यांदा उजवा हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवा. हसायचे. पण ठेवायचे.

ही नुसती सिम्युलेटरची गंमत राहत नाही. ८ जानेवारी १९८९ला लंडनहून बेलफास्टला निघालेल्या बोइंग ७३७-४०० च्या डाव्या इंजिनातलं पातं तुटलं. जोरात थरथर सुरू झाली, कॉकपिटमध्ये धूर आला. वैमानिकांनी उजवं इंजिन मागे घेतलं, नेमकी तेव्हाच थरथर आणि धूर कमी झाला, त्यांना वाटलं रोग सापडला. उजवं, चांगलं चाललेलं इंजिन त्यांनी बंद केलं. उतरताना डाव्याने उरलासुरला दम सोडला आणि धावपट्टीच्या थोडं अलीकडे, केगवर्थ गावाजवळ, महामार्गाच्या उतारावर विमान आदळलं. १२६ पैकी ४७ जण गेले. ४ फेब्रुवारी २०१५ला तैपेईत एटीआर जातीच्या, दोन इंजिनांच्या पंखेवाल्या विमानाने हेच वेगळ्या पद्धतीने केलं: उजवं बिघडलं, डावं मागे घेतलं गेलं, इशारा आल्यापासून साधारण दोन मिनिटांत विमान नदीत. ४३ मृत्यू. दोन्ही ठिकाणी एक इंजिन गेल्याने कुणी मेलं नसतं. दुसरं माणसांनी घालवलं, तेही लगबगीत.

आणि केगवर्थमध्ये तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही आहे. कॅप्टनने प्रवाशांना सांगितलं की उजव्या इंजिनात अडचण होती. मागे बसलेल्या कित्येकांनी ठिणग्या डावीकडे पाहिल्या होत्या. त्यांना ते खटकलं, पण कुणी बोललं नाही. साहेबाला जास्त कळतं, आपण कशाला मधे पडा. तेव्हा हो, तुम्ही सांगायला हवं होतं. केबिन क्रूला हाक मारायची, बटण दाबायचं. फक्त डावं-उजवं म्हणू नका. क्रूच्या काही खुर्च्या मागे तोंड करून असतात, घाबरलेल्या माणसाचं डावं-उजवं असंही उलटं होतं. सीटचं अक्षर सांगा: 'एफच्या बाजूच्या इंजिनातून, मागून ज्वाळा आल्या, चारदा आवाज झाला, आता थांबल्यात.' एवढं वाक्य कॉकपिटला सोन्याच्या मोलाचं असतं, कारण त्यांच्या आकड्यांशी ते ताडून बघता येतं. उड्डाणानंतरच्या पहिल्या एक-दोन मिनिटांत क्रू उठणार नाही, त्यांनाही जागेवर बसून राहायचा नियम आहे. पण इंटरकॉम त्यांच्या हाताशी असतो.

दहा मिनिटांच्या गप्प बसण्याबद्दल. आमच्या धंद्यात कामाचा क्रम ठरलेला असतो: आधी विमान उडवा, मग ते कुठे चाललंय ते बघा, मग बोला. बोलण्यातही पहिला मान एटीसीचा, म्हणजे जमिनीवरून विमानांना वाट देणाऱ्या नियंत्रकांचा, मग केबिन क्रूचा, आणि प्रवाशांचा शेवटी. हे प्रवाशांना उद्धट वाटतं, मी जाणतो. पण तुमच्याशी बोलायला जो मायक्रोफोन उचलणार, तो त्यावेळी यादी वाचत असतो किंवा विमान उडवत असतो. अर्धवट माहितीवर केलेली घोषणा मागे घेता येत नाही. तरीही दहा मिनिटं मला थोडी जास्त वाटतात. माझी सवय अशी की यादी हातावेगळी झाली की वीस सेकंदांत तीन वाक्यं बोलून टाकायची: आवाज आम्हीही ऐकला, विमान ताब्यात आहे, थोड्या वेळाने पुन्हा बोलतो. मराठीतही बोलायचो. ओझरहून उडणाऱ्या विमानात 'टेक्निकल इश्यू' ऐकून आजीबाईंच्या पोटातला गोळा हलत नाही.

आता पस्तीस मिनिटं. लोकांना वाटतं इंधन जाळत बसले होते. तसं असेलसं वाटत नाही. ए-३२० ला इंधन हवेत सोडून द्यायची सोयच नाही, आणि तासाला साधारण अडीच टन जाळणारं विमान अर्ध्या तासात फार हलकं होत नाही. उतरण्याचं कमाल वजन ६६ टनांच्या आसपास असतं, ओझर-दिल्लीसारख्या पल्ल्यावर तुम्ही त्याच्या थोडे वर किंवा थोडे खालीच असणार. वर असलात तरी गरज पडली तर उतरता येतं, फक्त चाकं फार हळुवार टेकवायची आणि नंतर तंत्रज्ञ सगळा सांगाडा तपासतात.

मग वेळ कुठे गेला? बिघाडाची यादी संपवण्यात. त्या इंजिनावर चालणारी कुठली कुठली यंत्रणा गेली आणि तिच्या जागी काय लावायचं, ते बघण्यात. उतरायला किती धावपट्टी लागेल याचं गणित मांडण्यात, कारण आता वेग नेहमीपेक्षा जास्त असू शकतो, उतरल्यावर वेग मारायला इंजिनाचा उलटा जोर एकाच बाजूने मिळणार असतो, आणि ब्रेक तापणार असतात. वाऱ्याची दिशा, पाऊस, ढगांची उंची बघण्यात. पहिल्या प्रयत्नात नाही जमलं तर पुन्हा वर जाताना एका इंजिनावर कुठून जायचं, हे ठरवण्यात. केबिन क्रूला सांगण्यात, अग्निशमनच्या गाड्या उभ्या करायला लावण्यात. ही कामं नीट करायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पस्तीस म्हणजे त्यांनी एखादी गोष्ट दोनदा मोजली असेल. मला त्यात काही खटकत नाही.

४ नोव्हेंबर २०१०ला सिंगापूरहून सिडनीला निघालेल्या ए-३८० या चार इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन अक्षरशः फुटलं, तुकडे पंखातून आरपार गेले. कॉकपिटमध्ये योगायोगाने पाच वैमानिक होते. पडद्यावरच्या इशाऱ्यांच्या याद्या निपटायलाच त्यांना पन्नासेक मिनिटं लागली, आणि उड्डाणापासून जवळजवळ दोन तासांनी विमान टेकलं. ४६९ माणसं, सगळी सुखरूप. जमिनीवरून बघणाऱ्याला तेही खुळ्यासारखं घिरट्या घालणारं विमानच वाटलं असणार.

मात्र हे सगळं परिस्थितीवर असतं, आणि इथे मी हातचं राखून बोलत नाही. आग विझत नसेल, केबिनमध्ये धूर असेल, तर यादी अर्धी टाकून मिळेल त्या धावपट्टीवर उतरायचं. धुरापुढे शहाणपण चालत नाही. ओझरवर ढग टेकले असते, धावपट्टी ओली आणि वारा आडवा असता, तर मी मुंबईचा विचार केला असता. ओझरहून सरळ रेषेत ती दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि एका इंजिनावर तेवढं जाणं काही मोठं नाही. मग तुम्ही विचारलं असतंत, जवळचं सोडून लांब का नेलं?

वरच्या उंचीवर इंजिन गेलं तर गोष्ट आणखी संथ होते. एकदा कोलकात्याहून मुंबईला येताना, रात्री, उजव्या इंजिनाचं तेल कमी होताना दिसलं. आधी आकडा उतरला, मग दाब. चौतीस हजार फुटांवर होतो. दोघांनी मिळून इंजिन बंद केलं. एका इंजिनावर ती उंची राखता येत नाही, त्यामुळे वेग सांभाळत हळूहळू बावीस हजारांपर्यंत खाली आलो आणि नागपूरला उतरलो. दिवा लागल्यापासून चाकं टेकेपर्यंत चाळीस मिनिटं. मागे जेवण चालू होतं, बहुतेकांना पत्ता नव्हता. उतरल्यावर एक काका दारात म्हणाले, ''कॅप्टन, संत्र्यांचा सीझन अजून लांब आहे.'' घरी येऊन मी मात्र पहाटेपर्यंत जागा होतो. शांत राहणं आणि शांत असणं यांत फरक असतो, तो आम्ही प्रवाशांना दाखवत नाही एवढंच.

इथवरचं थोडक्यात: तुमचा आवाज बहुधा सर्ज होता, ज्वाळा मागच्या होत्या, एका इंजिनावर चढणं हे आधीच मोजलेलं होतं, आणि विमान ताब्यात आहे म्हटल्यावर वेळ हा वैमानिकाच्या बाजूला होता. लगेच उतरवण्याच्या नादात चुकीचं इंजिन बंद होणं, वेग चुकणं, चाकं किंवा फ्लॅप (उतरताना पंखांच्या मागून बाहेर काढायच्या फळ्या) विसरणं, हे धोके त्या बिघडलेल्या इंजिनाहून मोठे.

तुम्ही स्पष्ट लिहिलं नसलं तरी प्रश्नाच्या मागे अहमदाबादचा विमान अपघात आहे, हे मला जाणवलं. जून २०२५ नंतर मला येणाऱ्या प्रत्येक प्रश्नामागे तो असतो. तिथे एक इंजिन गेलं नव्हतं. प्राथमिक अहवालानुसार उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एकापाठोपाठ बंद स्थितीत गेले. ते का, यावर मी खुर्चीत बसून मत देणार नाही. एवढंच म्हणेन की जमिनीलगत दोन्ही इंजिनांचा जोर जाणं आणि तुमच्यासारखं एका इंजिनाने दगा देणं, या दोन गोष्टींची तुलना होत नाही. दोन्ही गेली तरी उंची असेल तर विमान दगडासारखं पडत नाही. २४ ऑगस्ट २००१ला अटलांटिकवर एका ए-३३० विमानाचं इंधन गळून संपलं, दोन्ही इंजिनं बंद, आणि ते सुमारे एकशेवीस किलोमीटर तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं. पस्तीस हजार फुटांवर, त्र्यंबकेश्वराच्या डोक्यावर असताना दोन्ही इंजिनं गेली, तर वारा साथीला असेल तर मुंबईपर्यंत पोचता येईल, शिर्डी तर हाताशीच. उंची हेच आमचं बँकेतलं शिल्लक. जमिनीजवळ ती नसते, म्हणून २००९ मध्ये न्यूयॉर्कला हंसांच्या थव्याने दोन्ही इंजिनं घालवल्यावर कॅप्टन सलनबर्गर यांना हडसन नदी निवडावी लागली. १५५ जण वाचले. त्यांनाही मिळाली होती साडेतीन मिनिटं, आणि तेवढ्यातही दोघांनी काम वाटून घेतलं होतं.

उतरल्यावर अग्निशमनच्या गाड्या विमानाच्या मागे धावल्या आणि आईंचा धीर सुटला, असंही तुम्ही लिहिलंय. त्या आम्हीच बोलावलेल्या असतात. थांबल्यावर त्यांचा माणूस बाहेरून इंजिन आणि चाकं बघतो, ब्रेकमधून धूर येतोय का सांगतो, आणि त्याच्या शब्दावर आम्ही ठरवतो की शिडी लावायची की घसरगुंड्या उघडायच्या. घसरगुंडीवरून उतरताना म्हाताऱ्या माणसांचे पाय मोडतात, म्हणून कारण नसताना त्या उघडत नाहीत. तुम्हाला पाचेक मिनिटं आत बसवून ठेवलं ते यासाठी.

राहता राहिल्या आई. रेल्वेने जायचं असेल तर खुशाल जा, नाशिकरोडहून दिल्लीच्या गाड्यांची कमी नाही. भीती समजावून जात नाही, आणि मी समजावणारही नाही. पण पुन्हा विमानाने न्यायचं ठरवलंत तर एक गोष्ट आधी सांगून ठेवा. उड्डाणानंतर साधारण हजार-पंधराशे फुटांवर इंजिनांचा आवाज एकदम खाली येतो, नाकही किंचित झुकतं, पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. इंजिनांचा जोर आम्ही ठरवून कमी करतो, रोज, प्रत्येक उड्डाणात. तुमच्या त्या दिवसानंतर आईंना तेवढ्यातच वाटणार, गेलं इंजिन. पंखापुढची सीट घ्या, तिथे आवाज कमी येतो. चाकं आत जाताना खालून धप्प होईल, तेही सांगा. आणि मग हात धरून बसा, आवाज उतरायची वेळ आली की त्यांच्या आधी तुम्हीच म्हणा, ''आता आवाज कमी होईल बघ.''